दसऱ्याचं अवजार

माह्या नातीचे, वर्षालीचे, दोन्ही हात जन्मापासून लुळे. कोणी शिकवलं नाई, तरी पायाच्या बोटांत ब्रश धरून पोरीनं तळेगावच्या देवळाच्या भिंतीवर देवी काढली.

ऐन दसऱ्याच्या सकाळी देवळाचा कारभारी बबनराव चुन्याची बादली घेऊन आला. "देवीले पाय लावला इनं! आत्ताच भिंत पांढरी करतो."

वर्षालीनं रंगानं भरलेले पाय मागं घेतले. मी बादलीच्या आडवी झाली. "काऊन रे बबन, शेणानं भरलेल्या ट्रॅक्टरले आज हार कसा घातला तू?"

"अवजार हाये ते माहं! दसऱ्याले अवजाराची पूजा कराच लागते."



मीनं तिथंच पाट मांडला, अन् साऱ्या गावासमोर वर्षालीच्या पायाले हळद-कुंकू लावलं.