हिरवी वायर

वेलबुट्टीच्या तिसऱ्या पानावर लाकूड कोरायचं मशीन थांबलं. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर पुन्हा तीच लाल पट्टी आली. 'मशीनशी संपर्क तुटला.' मशीनचा हात जागच्या जागी अडकला, पण त्यातलं पातं काही थांबेना. ते गरगरत लाकूड जाळू लागलं. जयवंतनं तांबडं बटण दाबेपर्यंत शिसवीच्या फळीत काळं भोक पडलं होतं.

"मिक्सर कोणी लावला?" तो गॅलरीतून ओरडला.

"कोणीच नाही लावला," स्वयंपाकघरातून त्याची बायको माधुरी म्हणाली.

"मग दीप्ती, तू परत याला पेनड्राइव्ह लावलास?"

"बाबा, मी हातसुद्धा लावला नाहीये."

"लावायचाच नाही!"

मुलगी उठून आत गेली.

जयवंत एका औषध कंपनीत पॅकिंगचा सुपरवायझर. भांडुपला टेंभीपाड्यात वन बीएचके, आणि त्याच्या बंदिस्त गॅलरीत हे हौसेचं मशीन. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, मशीन ती लाकडात कोरून देणार. आईच्या देव्हाऱ्याला वाळवी लागली होती. नवा मी करून देतो, असं तो बोलून बसला होता. आतापर्यंत चार फळ्या जळल्या होत्या.

त्यानं करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. केबल बदलली. रॅम काढून खोडरबरानं घासली. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय नवा टाकला. शेवटी मशीनचं कंट्रोलर बोर्ड काढून दुकानात नेलं आणि काउंटरवर आपटलं. दुकानदारानं शांतपणे ते आपल्या कॉम्प्युटरला जोडलं. अर्धा तास बोर्ड सुरळीत चाललं. त्यावर जयवंत आणखीनच भडकला. तुम्ही लोक गिऱ्हाइकाला येडा समजता, असं ओरडून बाहेर पडला, आणि घरी येऊन कॉम्प्युटरच्या डब्याला लाथ घातली.

आजही त्याचा पाय उचलला होता, तेवढ्यात बेल वाजली. दारात दुसऱ्या मजल्यावरचा भीमराज. तो एका हॉस्पिटलात इलेक्ट्रिशियन होता. खांद्याला हत्यारांची पिशवी होती.

"वहिनींचा फोन आला," तो म्हणाला. "म्हणाल्या, मशीन फुटायच्या आधी या."

जयवंतनं माधुरीकडे असं पाहिलं की ती आत निघून गेली.

भीमराजनं कॉम्प्युटरच्या स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. खिशातला टेस्टर काढला आणि कॉम्प्युटरच्या पत्र्याला टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला. मग मशीनच्या लोखंडी चौकटीला टेकवला. तिथंही लागला.

"कॉम्प्युटरला काय धाड भरली नाही रे," तो म्हणाला. "तुझ्या घराला अर्थिंगच नाही. पातं फिरायला लागलं की त्याचा करंट भलतीकडे शिरतो. कॉम्प्युटर बिचारा गोंधळतो आणि मशीनचा हात सोडतो."

"असं कसं नाही? तीन पिनांचे सॉकेट आहेत सगळे."

"पिना असून काय उपयोग?"

भीमराजनं मेन स्विच पाडला आणि दारामागचा वायरिंगचा बोर्ड उघडला. आत अर्थिंगची एक जाड हिरवी वायर लोंबकळत होती. तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळली होती. ती कशालाच जोडलेली नव्हती.

"कुठल्या गाढवानं केलंय हे काम?"

दिवाळीच्या आधी जयवंतनंच या बोर्डाचं काम काढलं होतं. वायरमन दोन तास उशिरा आला म्हणून त्याची आईबहीण काढून त्यानं त्याला अर्ध्या कामातून हाकलला होता, आणि उरलेलं स्वतः जोडलं होतं. एक हिरवी वायर शिल्लक राहिली. नसेल लागत, म्हणून टेप मारून आत कोंबली होती.

भीमराजनं वायर जोडली, पण मेन चालू केला नाही. करंट आणखी कुठून गळतोय ते बघायला तो मीटर घेऊन बाथरूममध्ये गेला आणि गीझर खाली उतरवूनच बाहेर आला.

"हा आतून खराब झालाय. याचा करंट पाण्यात उतरतोय," तो म्हणाला. त्याचा आवाज आता बदलला होता. "जयवंत, नळाला शॉक नाही लागत कोणाला?"

"छे! लागला असता तर कळलं नसतं मला?"

जयवंत बारा महिने गार पाण्यानं, गीझर लावायच्या आधीच अंघोळ उरकायचा.

स्वयंपाकघराच्या दारात माधुरी उभी होती. तिच्यामागे दीप्ती. दोघी एकमेकींकडे बघत होत्या.

"लागतो," दीप्ती हळूच म्हणाली. "आम्ही चपला घालून जातो आत. नळाला सुका कपडा धरतो. आजी तर प्लास्टिकच्या मगानंच..." तिनं कॉटवरच्या आजीकडे पाहिलं. "परवा आजी बाथरूममध्ये पडली ना, ती पाय घसरून नव्हती पडली."

जयवंतच्या डोक्यात नेहमीचा तो संताप चढला.

"सात महिने! सात महिने तुम्ही तिघी शॉक खाताय, आणि एकीलाही मला सांगावंसं वाटलं नाही?"

भिंतीला टेकून कॉटवर बसलेल्या रत्नप्रभाबाईंनी प्लास्टरमधला हात मांडीवर सरळ केला. लेकाकडे न बघताच त्या म्हणाल्या,

"तू चिडतंस मा रे, म्हणान नाय सांगलंय."