ओढ्यापलीकडचे ठोके

धुकं जमिनीलगत साचलं होतं आणि कुरणातल्या घोड्या पोटापर्यंत ढगात बुडाल्यासारख्या दिसत होत्या. बुरुल दूध काढत असताना बिश्केकहून लेकीचा फोन आला. “आई, तुझ्या हृदयाचे ठोके चुकतायत. घड्याळातलं सगळं इथे दिसतंय. दवाखान्यात ये, हट्ट नको.” बुरुलने रिकाम्या मनगटाकडे पाहिलं. “घड्याळ एसेनकुलला दिलं गं. काल चहाला आला, छान आहे म्हणाला. पाहुण्याने वाखाणलेली वस्तू घरात ठेवतात का?” “अगं, डॉक्टरांनी बांधायला सांगितलेलं ते, दागिना नव्हे.” बुरुलने दुधाची बादली खाली ठेवली. ओढ्यापलीकडे एसेनकुल एकटाच राहायचा. त्याच्या तंबूवर आज धूर नव्हता. काल घड्याळ बांधून घेताना त्याने हात लवकर मागे घेतला नव्हता. बुरुल घोड्यावर बसली. “डॉक्टरला पाठव, पण फोन ठेवू नकोस,” ती म्हणाली. “मी पोचेपर्यंत त्याचे ठोके सांगत राहा.”