दिवाणखान्यातलं धुणं

नीळकंठराव वकिलांच्या दिवाणखान्यात तांड्यावरच्या सात बायका सकाळपासून कपडे आपटत होत्या. त्यांचे पक्षकार पुंडलिकराव खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. शिंतोडे चुकवायला डोक्यावर त्यांनी छत्री उघडली होती.

“सायेब, माह्या बांधाच्या दाव्याचं काय झालं?” त्यांनी ओरडून विचारलं.

कपड्यांच्या धपाधपीत वकिलांना ते ऐकूच गेलं नाही. ते ओणवे होऊन फरशी न्याहाळत होते. “लालीबाई, त्या कोपऱ्यात जोर कमी पडतोय बरं का,” ते म्हणाले.

लालीबाईने दातओठ खाऊन घागरा आपटला. आज अठरावा दिवस. हा माणूस अजून कंटाळत कसा नाही, हेच तिला कळेना.

तिला फक्त आपले दगड परत हवे होते. पांढरकवड्यापासून अर्ध्या कोसावर तांडा, आणि तांड्याच्या नाल्यावर हे अकरा दगड. गारगोटीच्या जातीचे, दाराएवढे रुंद, पाटासारखे सपाट. तीन पिढ्यांच्या बायकांनी कपडे आपटून आपटून त्यांना असं तुकतुकीत केलं होतं की ऊन पडलं की डोळे दिपावेत. सासवांच्या कागाळ्या, माहेरच्या आठवणी, पोटातली दुखणी, सगळं तिथेच निघायचं. साऱ्या तांड्यात बायकांची म्हणावी अशी तेवढीच एक जागा होती.

दिवाळीनंतर कसल्याशा मोजणीसाठी वकील तिकडे गेले आणि त्यातल्या एका दगडावरून घसरून सपशेल आडवे झाले. उठायचं सोडून ते दगडावरून हात फिरवत बसले. नव्या घराला फरशी घालायची होती, आणि शहाबादी तर काय, गावात ज्याच्या त्याच्याकडे. त्यांनी डब्यातल्या लिंबाची फोड दगडावर पिळली. डाग पडला नाही. चाकूने ओरखडून पाहिलं, चाकू बोथट झाला. शेवटी डोळ्यांवरचा चष्मा काढून त्याची काच घासली. काचेला हा एवढा चरा पडला. तो चष्मा परत चढवून वकील म्हणाले, “हाच!”

लालीबाईचा नवरा देवसिंग तांड्याचा नायक. “दगडच तर हायेत, घेऊन जा,” म्हणाला आणि मोकळा झाला. बायकांना विचारायचं असतं हे त्याच्या गावीही नव्हतं. लालीबाई त्याच्याशी आठ दिवस बोलली नाही.

फरशी बसली आणि वकिलांनी तिचे लाड सुरू केले. रोज एरंडेल चोळलं. तेलावर धूळ बसली. धूळ काढायला चिंच लावली, चिंचेवर राख, राखेवर पुन्हा एरंडेल. दोन महिन्यांत दगड पार कळकट झाले. मग वकील स्वतः तांड्यावर आले.

“लालीबाई, ही चकाकी तुम्ही कशी राखत होता?”

“सात बायकायनं रोज वल्ले कपडे आपटले का राह्यते,” लालीबाई रागाने म्हणाली.

वकिलांनी ते वहीत उतरवून घेतलं. वर विचारलं, “उद्यापासून याल?”

लालीबाई हसली. चार दिवसांत हा माणूस रडकुंडीला येईल आणि आपणहून दगड परत करील, असा तिचा हिशेब. तिने घोंगड्या आणल्या, बैलांच्या झुली आणल्या, रांगती पोरं आणली. वकिलांनी कायद्याची पुस्तकं कपाटाच्या डोक्यावर चढवली. भिंत फोडून मोरी काढली. विहिरीचं पाणी ओढायला गडी ठेवला. बायकांना चहा सुरू केला. दुसऱ्या आठवड्यात तर खुद्द शुभदाबाई, वकिलांच्या पत्नी, पदर खोचून स्वतःची लुगडी घेऊन मध्ये येऊन बसल्या. सासूबद्दल त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. फरशी तेवढी दिवसेंदिवस उजळत चालली.

आणि आज, अठराव्या दिवशी, पुंडलिकरावांच्या मांडीवरून दाव्याचे कागद घसरले, साबणाच्या पाण्यावर तरंगत गेले आणि मोरीतून बाहेर पडले. पुंडलिकरावांनी छत्री मिटली. “मी दुसरा वकील पाह्यतो,” म्हणाले आणि निघाले. त्या महिन्यात गेलेला हा तिसरा पक्षकार.

वकील मटकन खुर्चीत बसले. “लालीबाई, माझी हौस फिटली. घेऊन जा तुमचे दगड.”

दुपारी देवसिंग गाडी घेऊन आला. त्याने पहिल्या दगडाच्या सांध्यात पहार घातली. लालीबाई जिंकली होती. आता बायका उठतील म्हणून तिने मागे वळून पाहिलं.

कोणी उठत नव्हतं. तिची सासू रुपीबाई भिंतीला टेकून, पाय पसरून गाढ झोपली होती. नाल्यावर त्या म्हातारीच्या डोक्यावर जन्मात कधी सावली आली नव्हती. शुभदाबाई अर्धं पिळलेलं लुगडं हातात धरून लालीबाईकडे टक लावून पाहत होत्या, आणि त्यांचे डोळे भरले होते. चैत्र लागला होता. नाल्यात आता ओंजळभर पाणीही सापडलं नसतं. एवढे दिवस लालीबाई दगडांसाठी भांडत होती, आणि दगडांच्या मागोमाग बायकांची ती जागाच इथे येऊन बसली होती.

तिने नवऱ्याच्या हातातली पहार काढून घेतली आणि दाराबाहेर ठेवली.

“दगड राहू द्या इथंच, वकीलसायेब,” ती म्हणाली. “फक्त तुमच्या पक्षकारायले भाईर ओट्यावर बसवत जा. फरशी खराब करतेत ते.”