डब्यावरचा गणपती

अक्काच्या सासूबाईंच्या जुन्या पितळी पानाच्या डब्यात सहा वाट्या होत्या: सुपारी, कात, चुना, लवंग, वेलदोडे आणि बडीशेप. झाकणावर गणपती कोरलेला होता आणि त्याच्यावर शेंदराचा जाड थर होता. अक्काला पाचवा महिना लागला होता. आधीचे तिन्ही गर्भ पडले होते.

सासूबाईंनी नखानं गणपतीचा शेंदूर खरवडला, विड्यात घातला आणि विडा अक्काच्या हातात दिला.

“हे रोज?” मी विचारलं.

“व्हय की! दिवस ऱ्हायल्यापासनं एक दिस चुकू दिला न्हाई. लेकराचा राखणदार हाय त्यो. कॉलेजात असलं शिकवत न्हाईत व्हय, पावणं?”

“आत्याबाई, तिन्ही वेळा दिला हुता की,” अक्का सासूबाईंना हळूच म्हणाली.

“तवा एकच चिमूट घालत हुते. औंदा दोन घालतीया.”

शेंदरात शिसं असू शकतं आणि पोटात शिसं गेलं की गर्भ टिकत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. अक्काच्या हातातला विडा मी ओढून घेतला आणि शाहूपुरीतल्या तिच्या घरातून थेट कॉलेजची प्रयोगशाळा गाठली.

विड्यातला शेंदूर एक ग्रॅम भरला. त्यात शिसं निघालं नऊशे मिलिग्रॅम.