टोपलीखालची राख

"आई, उचलू टोपली?" प्राचीनं विचारलं.

"देवाचं नाव घे नि उचल," भिंतीला टेकून बसलेली भामा म्हणाली. "नि काय हाय ते खरं सांग. माझ्या डोळ्यांना हितून नाय दिसायचं."

प्राचीच्या नवऱ्याचं, धनेशचं दहावं काल आपट्याला नदीवर झालं होतं. त्यानं प्राण सोडला त्या जागी रात्री दिवा लावून, ताटात राख पसरून, वर टोपली पालथी घातली होती. जाणारा जीव राखेवर पाऊल ठेवून जातो. पाखराचं उमटलं तर पाखराचा जन्म, गाईचं उमटलं तर गाईचा. काहीच उमटलं नाही, तर जीव सुटला नाही; घरातच घुटमळतोय.

राख त्याच्याच लाकडाची होती. धनेश कामोठ्याच्या फ्लॅटांमध्ये सुतारकाम करायचा. उरलेले तुकडे संध्याकाळी गोणीत भरून आणायचा, त्यावर आंघोळीचं पाणी तापायचं. त्या राखेनं भांडी घासली जायची, वालाचं बियाणं तिच्यात ठेवलं की कीड लागायची नाही, उरली तर पडवळाच्या वेलावर. मूठभरही वाया जात नसे. गोणीच्या तळाशी राहिलेले शेवटचे तुकडे प्राचीनं काल जाळले आणि राख जुन्या लुगड्यातून वस्त्रगाळ केली.

तिनं टोपली उचलली. दिवा तेवत होता. राख जशीच्या तशी, गुळगुळीत. मुंगीसुद्धा फिरकली नव्हती.

प्राची ताटावर वाकली. तिला वाटलं ते दुःख नव्हतं. तो इथेच आहे. गेलाच नाही.

"काय गं? बोल की! अडकला काय माझा पोर?" भामाचा आवाज चिरकला. "थांब, मीच येते." भिंत धरून ती उठू लागली.

प्राचीनं सासूकडे पाहिलं. मग करंगळी राखेत टेकवली. तीन बारीक रेघा. हातात बांगडी नव्हती, त्यामुळे आवाज झाला नाही. डोळे मिटून ती मनात म्हणाली, जा.

"चिमणी आहे, आई."

भामा ताटाशी येऊन बसली, वाकली. मोतीबिंदूचे डोळे तिनं राखेच्या इतके जवळ नेले की श्वासानं कडेची राख उडाली. मग तिनं सुनेचा हात हातात घेतला आणि राखेनं भरलेली करंगळी पदरानं पुसली.

"सुटला," ती म्हणाली.

आणि आपल्या बोटानं त्या तीन रेघांच्या मागे एक लहानशी रेघ ओढली.

"चिमनीला मागं पन एक बोट असतं गं. नायतर फांदीवर बसंल कशी?"