सुतारपक्ष्यामागची खिडकी

सुतारपक्ष्याचा एक झकास फोटो मिळाला, की खापरखेड्याच्या आमच्या कॉलनीत धम्मानंदकाकांचा आठवडाभर मान. शिवाय खाटेला खिळलेल्या त्यांच्या बायकोला, सुलोचनाकाकूंना, तेवढीच करमणूक. सौदा फायद्याचाच होता.

पक्षी रोज सकाळी खिडकीबाहेरच्या वाळक्या शेवग्यावर यायचा. काकांनी अंगणातून फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. पक्ष्यामागच्या खिडकीत काकू उठून बसलेल्या दिसत होत्या. आम्ही लगेच पेढे मागितले.

काका आत धावले. "उठली होती काय वं?"

"मले कूस बदलता येत नाही, अन् उठते कुठची!"

दुसऱ्या फोटोत काकू खिडकीशी उभ्या होत्या, गाल भरलेले. त्या दिवशी त्यांना पेजही गिळता आली नाही. काकांनी फोन बाजूला ठेवून दिला.

काकूंनीच तो मागून घेतला, फोटो बराच वेळ पाहिला. "किती दिवसांनी उभी दिसून राहिली मी. काढा ना अजून एक."

"नको वं."

"काढा म्हणते ना."

तिसऱ्या फोटोत काकू बाहेर, शेवग्याखाली उभ्या होत्या, हसत. काकांनी अंगणातूनच खिडकीतून आत हाक मारली. पक्षी टोचत राहिला, आतून ओ आली नाही.

ग्रुपला फोटो मिळाला, काकांना उभी बायको. खर्च सगळा खाटेवरच्या बाईच्या नावे पडला.