पहिला दर्जा

"बंदूक रिकामी होती, एवढंच म्हणा," मार्सी म्हणाली. "बाकी मी बघते."

कोर्टामागच्या खोलीत व्हर्जिल स्ट्राउड बेड्या घातलेले हात टेबलावर ठेवून बसला होता. सरकारने दिलेली ही वकील त्याच्या मुलीच्या वयाची होती. म्हणजे मुलगी आज जिवंत असती तर.

"भरलेली होती," तो म्हणाला.

"पोलिसांना एकही गोळी सापडली नाही."

"नदीत टाकल्या."

"कधी? पोलीस आले तेव्हा तुम्ही दुकानासमोरच्या बाकावर बसला होतात."

"मग गिळल्या म्हण."

मार्सीने कपाळाला हात लावला. इथे गुन्ह्यांना दर्जे असतात, आणि आकडा जितका लहान तितकी शिक्षा मोठी. रिकामी बंदूक दाखवून धाक घातला तर तिसरा दर्जा. भरलेली रोखून लुटलं की पहिला.

"तिसऱ्यात दोनेक वर्षं, तीही शेतावरच्या छावणीत. टोमॅटो लावत बसाल. पहिल्यात दहाएक, आणि ती नदीकाठच्या दगडी तुरुंगात, खुनी लोकांत. या वयात निभाव लागेल?"

"टोमॅटो मला पचत नाहीत, पोरी."

गावात कुणाला या प्रकाराचं नवल वाटलं नव्हतं. व्हर्जिलची लग्न झालेली मुलगी लोरीन हॅस्केट हिला कोडी ब्रँटने तिच्याच दारात गोळी घातली, तेव्हा ड्वाइट पेल्हम कोडीच्या बाजूने साक्षीला उभा राहिला. कोडी त्याच्या हार्डवेअरच्या दुकानात कामाला होता. पोरगा गुणी आहे, दारूने डोकं फिरलं, असं पेल्हमने छातीठोकपणे सांगितलं. ज्युरी विरघळली आणि पहिल्या दर्जाचा खून दुसऱ्या दर्जावर उतरला; कोडी फासावर न जाता तुरुंगात गेला. त्या दिवसापासून व्हर्जिलने पेल्हमकडून साधा खिळाही घेतला नाही. मग मार्चमध्ये एका सकाळी तो बंदूक घेऊन दुकानात शिरला, गल्ला रिकामा करायला लावला आणि बाहेर बाकावर जाऊन बसला. पळालासुद्धा नाही.

म्हाताऱ्याने सूड उगवला, लोक म्हणाले. उशिरा का होईना.

सुनावणीच्या दिवशी पेल्हम आपणहून उभा राहिला. "मी व्हर्जिलला माफ केलंय," तो म्हणाला. "बंदूक रिकामीच असणार. हा माणूस कुणाला मारणाऱ्यातला नाही."

मार्सीला हायसं वाटलं. सरकारी वकीलही तिसऱ्या दर्जाला राजी झाला होता.

व्हर्जिलच्या अंगाचा तिळपापड झाला. याच गोड जिभेने एकदा एका खुन्याला पायरी उतरवून दिली होती. आता ती त्याच्यावर उपकार करायला निघाली होती.

"तुझी माफी तुझ्यापाशीच ठेव, ड्वाइट," तो म्हणाला. "जजसाहेब, बंदूक भरलेली होती. याने जरा उशीर केला असता तर मी चाप ओढला असता. पहिल्या दर्जाचा गुन्हा मला कबूल आहे."

न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं. नऊ वर्षांची शिक्षा झाली.

बाहेर मार्सीचे डोळे भरून आले. "सुडापायी स्वतःचंच वाटोळं केलंत," ती म्हणाली. "पेल्हमचं काय बिघडलं? तो संध्याकाळी घरी जाऊन जेवेल."

"जेवू दे बिचाऱ्याला," व्हर्जिल म्हणाला.

दगडी तुरुंगात नव्या कैद्याला कपडे देण्याआधी एक प्रश्न विचारायची पद्धत आहे. दोन वैरी एका आवारात आले की खून पडतात, म्हणून.

"आत कुणाशी वैर?" शिपायाने मान वर न करता विचारलं. "कुणापासून लांब ठेवायचंय?"

"माझं भांडण एका दुकानदाराशी," व्हर्जिल म्हणाला. "आणि तो बाहेर खिळे विकतोय."

शिपाई हसला आणि त्याने जेवणघराकडे बोट दाखवलं. व्हर्जिलने ताट घेतलं, बाकांच्या रांगांवरून सावकाश नजर फिरवली आणि कोडी ब्रँटच्या बरोबर मागे जाऊन बसला.